झाकणावर बसलेली अक्का

अक्का, तू बिदरला गेली होतीस ती पाण्याची टाकी आणायला. गाणगापुरातल्या आपल्या लॉजच्या गच्चीवरची जुनी टाकी तळातून गळायला लागली होती आणि वरच्या मजल्यावरचे यात्रेकरू सकाळी अंघोळीला पाणी नाही म्हणून जिन्यात उभे राहून ओरडत होते. बिदरच्या बाहेर कोळारला, कारखान्यांच्या वस्तीत, रशीदभाईंचं फायबरच्या टाक्या बनवायचं शेड आहे, तिथली टाकी मजबूत असते असं तुला कुणीतरी सांगितलं. सकाळी गेलीस. दिवस मावळायच्या आत टेम्पो दारात उभा राहिला, आणि मी टाकी उतरवून घ्यायला दोर घेऊन बाहेर आले.

टेम्पोत टाकी नव्हती. चपट्या नाकाची एक पिवळी नाव होती. गाणगापूरच्या फाट्यापासून तू ड्रायव्हरशेजारची जागा सोडून त्या नावेत जाऊन बसली होतीस. डोक्यावर पदर, मांडीवर पर्स, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरलेल्या.

"अक्का, हे काय आणलाव?"

"नाव."

"अन् टाकी?"

"टाकीत पाणी नुसतं बसून राहतंय. ही पाण्यावर बसती."

अख्खी गल्ली गोळा झाली होती. तुझा दीर, म्हणजे माझा नवरा, दारातूनच नावेकडं बघून आत गेला आणि जेवायलाच बाहेर आला. थोरले भाऊजी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. लॉज तू एकटीनं चालवायचीस, आणि तुझ्या शब्दापुढं जायची घरात कुणाची टाप नव्हती. गच्चीवरची टाकी पुढं आठवड्याभरानं आली. पण तोवर गावानं नावेचं नाव 'टाकी' ठेवून टाकलं होतं. तुलाही ते इतकं आवडलं, की पेंटरला बोलावून तू ते दोन्ही बाजूंना लाल अक्षरांत लिहून घेतलंस. मराठीत एकीकडं, कन्नडात दुसरीकडं.

ती जेट बोट होती. कुठल्यातरी रिसॉर्टसाठी मागवलेली, रिसॉर्ट झालंच नाही, म्हणून रशीदभाईंच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिलेली. तू टाकी बघता बघता ताडपत्री उचललीस म्हणे. रशीदभाई स्वतः शिकवायला आले, तेव्हा मला म्हणाले, "तुमारी जेठानी ताडपत्री उठाके देखी, फिर उनकू दूसरा कुछ दिख्याच नै."

शिकवायचं कुणाला, यावर तू एक क्षणही विचार केला नाहीस. "इमल चालवती." मी करजगीची. माहेरी ट्रॅक्टर चालवायचे, हे तुला माझ्या लग्नाच्या बोलणीपासून माहीत होतं आणि इतकी वर्षं ते तू जपून ठेवल्यासारखं ठेवलं होतंस. मी म्हणाले, "अक्का, ट्रॅक्टरला चाकं असत्यात." तू म्हणालीस, "मंग हिला नाहीत तर सोपंच की."

सोपं नव्हतं. या बोटीला बाहेर पंखा नसतो. पोटाखालच्या जाळीतून ती नदीचं पाणी ओढून घेते आणि मागच्या तोंडातून जोरात फेकते, त्या जोरावर पळते. रशीदभाईंनी आपल्या दोघींना नावेत वाकायला लावून दाखवलं. "बेहेन, चलाना तो आज शाम तक आ जाता. असल काम पानी कू अंदर आने नक्को देना, वो है. तीन जागे से घुसता ये." मागच्या बाजूचं बूच. इंजिनाचा दांडा जिथून बाहेर जातो तिथलं रबरी कडं. आणि तिसरं ते झाकण. पाणी ओढायच्या नळाच्या वरच, मागच्या बाकाच्या पायाशी. नळात शेवाळ, चिंधी काही अडकलं तर ते उघडून हात घालायचा आणि काढायचं. "मगर देखो," ते म्हणाले, "पीछे वजन रहा तो ये मू पानी के नीचे जाता. तब खोले तो नदी अंदर."

तू मान डोलावलीस. मीही डोलावली.

त्यानंतरचे दिवस, अक्का, माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे होते. हे तुला मी कधी सांगितलं नाही. मी चाळिशी ओलांडलेली बाई, नऊवारी सोडून पाचवारीवर आले ते केवळ त्या बोटीपायी. संगमाच्या घाटापासून बरंच लांब, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पंचायतीनं आपल्याला जागा दिली होती. तू काठावर खुर्ची टाकून तिकिटं फाडायचीस आणि एकेकाला केशरी जाकीट चढवायचीस. त्यावरून रोज भांडण. "मला पोहायला येतंय," असं कुणी म्हणालं की तू म्हणायचीस, "तुम्हाला येतंय, तुमच्या पाकिटाला येतंय का?" बायका म्हणायच्या साडी चुरगळती. तू म्हणायचीस, "माझी रोज चुरगळती, मी मेले का?" मराठीला मराठी, कन्नडला कन्नड, हैदराबादकडच्या माणसाला "नक्को बोलू नक्को, पैले जाकिट." आणि गर्दी नसली की स्वतः येऊन माझ्याशेजारी बसायचीस. "मार गं गिरकी." मी चाक वळवायची, टाकी जागच्या जागी गरकन फिरायची, पाण्याची भिंत उठायची, आणि लॉजवरच्या पोरांना नुसत्या डोळ्यानं गप्प करणारी तू आकाशपाळण्यातल्या मुलीसारखी किंचाळायचीस. काठावर उतरलीस की लगेच पदर नीट करून तिकिटाच्या खुर्चीत. जसं काही झालंच नाही.

मग तो दिवस. दिवाळी होऊन गेली होती. बंधाऱ्याची दारं नुकतीच बसवलेली, नदी काठोकाठ, बंधाऱ्याच्या माथ्यावरून पाण्याचा पातळ पडदा पलीकडं पडत होता. लातूरकडचं एक कुटुंब आलं होतं. म्हातारे आजोबा, त्यांच्या बायको सुलोचनाबाई, दोन मुलगे, सुना, नातवंडं. टाकी भरली. त्यांना सगळ्यांना मागच्या बाजूला बसायचं होतं, तिथं तुषार जास्त उडतात म्हणून. सुलोचनाबाईंनी तुझा हात धरला, "तुम्हीपण चला हो, बाईमाणूस बरोबर असलं की बरं वाटतं." म्हणून तू आलीस. नाहीतर तू काठावरच असतीस.

नदीच्या मध्यावर इंजिन गुरगुरलं, जोर गेला आणि टाकी थांबली. इंजिन चालू होतं, पण मागून पाणी फेकलं जात नव्हतं. नळात काहीतरी अडकलं होतं. मी नांगर टाकला, तो गाळात धरेना. नाव हळूहळू, अगदी प्रेमानं चालल्यासारखी, बंधाऱ्याकडं सरकायला लागली. पाणी पडायचा आवाज ऐकू येत होता. लातूरची माणसं म्हणत होती, वा, काय आवाज आहे.

मी चाक सोडलं. मागं गेले, बाकापाशी गुडघ्यावर बसले, झाकणाचे दोन्ही नट फिरवले आणि झाकण उचललं.

भीमा आत आली. तशीच, बादली उपडी केल्यासारखी. माझे गुडघे भिजले. सगळी माणसं मागं, वजन मागं, झाकणाचं तोंड पाण्याखाली. रशीदभाईंनी सांगितलं होतं तेच. मी झाकण परत दाबलं, तर खालून येणारा जोर ते बसू देईना. एक नट हातातून निसटून पाण्यात गेला. बॅटरीवरचा पंप घरघरायला लागला, पण पंप म्हणजे चमचा आणि ही नदी. आणि जितकं पाणी मागं साठेल तितकी नाव मागं बसणार, जितकी बसेल तितकं पाणी येणार. लोखंडी इंजिनाची नाव ती, बुडाली असती तर दगडासारखी गेली असती. जाकिटं होती, खरंय. पण म्हातारी माणसं, लहान लेकरं, आणि पुढं बंधारा.

मी तुझ्याकडं पाहिलं. तू बाकावरून माझ्या हाताकडं पाहिलंस, मग पाण्याकडं. तुला सगळं कळलं.

तू उठलीस, नावेच्या नाकाकडं गेलीस, लोकांकडं तोंड केलंस, पर्समधून मोबाईल काढलास आणि खणखणीत आवाजात म्हणालीस, "चला, समदे म्होरं या! फोटू काढायचाय. माझ्या लॉजच्या भिंतीवर लावायचाय तुमचा. म्होरं, म्होरं, एकदम म्होरं! आजोबा, तुम्ही पहिले. अगं पोरी, तुझी ती लाल साडी दिसू दे की. मागं कुणी थांबायचं न्हाई, ऊन मागून यायलंय, तोंड काळं येतंय!"

आणि ती माणसं उठली, अक्का. हसत, एकमेकांना ढकलत, लेकरांना कडेवर घेत. नाक दबलं. मागची बाजू वर आली. मला हाताखाली ते जाणवलं. पाण्याचा जोर कमी झाला, मग झाकणाच्या तोंडात नुसतं डुचमळायला लागलं, मग कडेच्या खाली गेलं. मी खांद्यापर्यंत हात घातला. बोटाला कापड लागलं. ओढलं. आणखी आलं. आणखी. कुणीतरी नदीला वाहिलेली हिरवी साडी होती ती, जरीच्या काठाची, पदरासकट अख्खी. मी ओढत होते, ती संपत नव्हती, आणि तिकडं तू "हसा, हसा, दात दाखवा, लातूरला दात न्हाईत व्हय?" म्हणत होतीस.

साडी सुटली. मी झाकण टाकलं, एकच नट आवळला. दुसऱ्या बाजूनं पाणी पिचकारीसारखं उडायला लागलं. तू लोकांना तिथंच थांबायला सांगून मागं आलीस. तेव्हा मी ओरडले, "अक्के, बस त्याच्यावर!"

लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तुला 'तुम्ही' म्हणत होते. एकदाही चुकले नव्हते. तू क्षणभर माझ्याकडं बघितलंस. मग पदर खोचलास आणि झाकणावर बसलीस. वजनावरून कुणी बोललेलं तुला कधी खपायचं नाही, पण त्या दिवशी देवानं तुला जेवढं दिलं होतं तेवढं सगळं तू त्या झाकणावर ठेवलंस. पिचकारी थांबली. मी चाकाकडं धावले. बंधारा आता इतका जवळ होता की माथ्यावरचं शेवाळ दिसत होतं. जोर दिला, टाकी धडधडली, अडखळली आणि उसळून निघाली. ह्या बोटीला घोट्याएवढं पाणी पुरतं, म्हणून मी घाटाकडं गेलेच नाही. समोरची वाळू धरली आणि सरळ वाळूवर नेऊन चढवली. लातूरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा शेवटचा खेळ आहे.

ते उतरून, जाकिटं काढून, हात जोडून गेले. आपण दोघी वाळूवर बसलो. नावेतलं पाणी बुचातून धार धरून वाहत होतं. तू चपला काढल्यास, पाय पसरलेस, हिरव्या साडीकडं बघितलंस आणि म्हणालीस, "काठ चांगलाय गं." आणि आपण हसायला लागलो.

मग तू फोटो दाखवायला मोबाईल काढलास. लातूरचं एकही माणूस त्यात नव्हतं. तू कॅमेरा उलटा धरला होतास. ओळीनं सगळे फोटो तुझ्याच तोंडाचे. पदर उडालेला, डोळे विस्फारलेले, ओठ पांढरे पडलेले. इतकी घाबरलेली बाई मी आयुष्यात पाहिली नाही. आवाज तर हसत होता, मी माझ्या कानांनी ऐकला होता.

"काढून टाक ते," तू म्हणालीस.

"बरं," मी म्हणाले. आणि काढण्याआधी एक माझ्याकडं पाठवून घेतला. बाकीचे काढले.

आपलं भांडण तिथंच, वाळूवरच सुरू झालं. मी म्हणाले, त्यांना खरं सांगायला पाहिजे होतं. त्यांचा जीव होता, त्यांना कळायला पाहिजे होतं. तू म्हणालीस, "सांगितलं असतं तर? भेलेलं माणूस जिथं हाय तिथंच धरून बसतंय. मागच्या बाकाला चिकटली असती समदी. हसणारं माणूस उठून येतंय." मी म्हणाले, "अन् फोटूला न्हाई म्हणले असते तर?" तू म्हणालीस, "लातूरचे फोटूला न्हाई म्हणत व्हय?"

हे भांडण आपण वर्षानुवर्षं पुरवून पुरवून खाल्लं. भाजी निवडताना, हिशेबाला बसल्यावर, कुणाच्या लग्नात पंगतीत शेजारी बसून. "कामून सांगायचं न्हाई?" "कामून सांगायचं?" लोकांना वाटायचं जावाजावांचं बिनसलंय. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नसेल असं समजू नकोस. पुढच्याच आठवड्यापासून नाव सुटायच्या आधी तू काठावर उभी राहून सगळ्यांना सांगायला लागलीस, "हे बघा, ही नाव मागं भरली की पाणी घेती. मी म्होरं या म्हणलं की म्होरं यायचं, विचारत बसायचं न्हाई." मराठीत, कन्नडात, हैदराबादीत. रशीदभाईंकडून झाकणाला तू चार नट बसवून घेतलेस, आणि साखळीनं बांधून घेतलेस. मागच्या बाकावर दोघांच्या वर बसायचं नाही, हा नियमही तुझाच. मी म्हणाले, म्हणजे माझं पटलं तर. तू म्हणालीस, "पटलं न्हाई. पर ऐकलं."

हारायचं कसं ते तुला येतच नव्हतं, आणि मला त्याचा कधी राग आला नाही. त्या दिवसानंतर मी तुला पुन्हा 'तुम्ही' म्हणायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी, चहा देताना. "अक्का, साखर कमी झाली का तुम्हाला?" तू कप खाली ठेवलास. "काल झाकणावर बस म्हणलीस तवा लई बरं वाटलं मला," म्हणालीस, आणि चहा संपवून निघून गेलीस. मला सख्खी बहीण नव्हती, अक्का. तोपर्यंत नव्हती.

तू गेलीस तेव्हा घरात माणसांची रीघ लागली. मला रडू आलं, भरपूर आलं. पण मधेच कुणीतरी टाकी म्हणायचं आणि कुणीतरी फिसकन हसायचं. पेंटर आला, रशीदभाई बिदरहून आले, जाकिटावरून तुझ्याशी कडाकडा भांडलेले लोकही आले. सुतकाच्या घरात एवढं हसू मी कुठं ऐकलेलं नाही, आणि ते सगळं तुझ्याच नावावर होतं.

तेराव्याला सुलोचनाबाई आल्या. दरवर्षी यायच्या, लॉजवरच उतरायच्या, तुझ्याशी गप्पा मारत बसायच्या. आजोबा आता राहिले नाहीत. जेवणं झाल्यावर त्या माझ्याशेजारी येऊन टेकल्या आणि म्हणाल्या, "एक सांगू का? त्या दिवशी माझे पाय ओले झाले होते."

मला कळेना. "कुठल्या दिवशी?"

"नावेत हो. फोटोच्या दिवशी. मी मागच्या बाकावर होते, तुमच्या शेजारी. पाणी घोट्याला लागलं. मी ओरडणार होते, तेवढ्यात अक्का समोर उभ्या राहिल्या. आवाज असा हसरा, आणि तोंड पांढरंफटक. मला समजलं काय चाललंय ते."

"मग तुम्ही गप का राहिलात?"

"आमच्या ह्यांना तेव्हा छातीचा त्रास होता. अक्का एवढ्या जिवावर उदार होऊन खोटं बोलत होत्या, ते मी कशाला मोडू? मी ह्यांचा हात धरला, म्हटलं, चला हो, पुढं जाऊन चांगला फोटो काढू. थोरल्या मुलालाही चिमटा काढला. त्यालाही समजलं होतं, मला नंतर म्हणाला."

"अक्काला कधी बोलला नाहीत?"

"मला वाटायचं त्यांना वाईट वाटेल. एवढं चांगलं निभावलं होतं त्यांनी."

मी पदर तोंडात धरला, तरी हसू फुटलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. सुलोचनाबाईही हसायला लागल्या. दोघी भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी काढत.

म्हणजे बघ अक्का. तू म्हणशील, बघ, बाईनं फोटूचंच निमित्त करून नवऱ्याला उठवलं, तिलाही खोटंच लागलं शेवटी. आणि मी म्हणेन, बघ, माणसांना खरं समजलं होतं आणि तरी ती घाबरून बाकाला चिकटली नाहीत, उठून पुढं आली. दोघींचंही बरोबर निघालं. भांडणाला इतका चांगला मुद्दा इतक्या वर्षांत मिळाला नव्हता, आणि तो मिळाला तेव्हा तू नाहीस. याचा मला तुझ्यावर राग आहे. बाकी कशाचा नाही.

उद्यापासून टाकी परत पाण्यात सोडायची आहे. तुझी सून गीता म्हणाली, "काकी, तिकिटाला मी बसते." हुशार आहे, कन्नड तुझ्यासारखंच फर्डं बोलते, माणसांना भीत नाही. मी तिला जाकिटांचं सांगितलं, बुचाचं सांगितलं, मागच्या बाकाचं सांगितलं. मग म्हणाले, "हे समदं येतंय ठीक हाय. भांडायला येतंय का?"

ती म्हणाली, "तुमच्यासंगं? मला तर वाटायलंय, तुम्हीच पहिल्यापासून चुकायलाव. सांगायचं न्हाईच लोकांना."

मी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले.